दुसऱ्या परीक्षकांचा आक्षेप

ती. ताई,

नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण गुडघे ऐकत नाहीत, तेव्हा तो कागदावरच घातला असं समजून घ्या. तुमचा रक्तदाब, तुमचा नवा चष्मा आणि तुमच्या शेजाऱ्यांचा कुत्रा, तिघंही आता ताळ्यावर आले असतील अशी आशा करतो. इकडे सगळं ठीक आहे.

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तुम्हाला फोन करून जे सांगितलं ते खरं आहे. मी स्टुलावर उभा राहून विणकामाच्या सुईनं भिंतीला टोचत असतो. मधूनमधून भिंतीशी बोलतो, हेही खरं आहे (पण भिंतीशी नव्हे, भिंतीवरच्या माशीशी, बाईंना वरून एवढा फरक दिसला नसेल). 'तुमच्या मेहुण्यांकडे कुणीतरी बघायला हवं' असं त्या म्हणाल्या, आणि तुम्ही मला विचारलंत की हे काय चाललंय. तर सांगतो. तुम्ही सगळी हयात हेडमास्तरीण म्हणून काढलीत, लांबलेले खुलासे तुम्हाला आवडत नाहीत. हा लांबणार आहे.

धाकटी गेल्या वर्षी एक पेपर लिहीत होती, तो तुम्हाला माहीत आहे. (पूर्वी मी पत्रात तिला 'ही' म्हणायचो. आता 'ही' लिहिलं की मान आपोआप स्वयंपाकघराकडे वळते, म्हणून तुमचाच शब्द उसना घेतला आहे.) विषय कुंभारीण माशीचा. काळी-पिवळी, कमरेशी दोऱ्याएवढी बारीक. ओल्या मातीच्या गोळ्या तोंडातून आणून खिडकीच्या कोपऱ्यात छोट्या छोट्या खोल्या बांधते, प्रत्येक खोलीत एक अंडं घालते, होणाऱ्या पिल्लासाठी अळ्या भरून ठेवते, दार लिंपते आणि पुढची खोली बांधायला घेते. एकदा लिंपलेल्या खोलीकडे ती परत ढुंकूनही बघत नाही, असं सगळी पुस्तकं सांगतात. आमच्या घरात या माशीला कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. त्यामुळे आमच्या खिडक्या कित्येक वर्षं नीट बंद झालेल्या नाहीत, आणि पाहुणे एका रात्रीपेक्षा जास्त टिकत नसत. माझं काम आकडेमोडीचं. ती बघायची, मी मोजलेलं मांडायचो. दोघांचं नाव पेपरवर, तिचं आधी. घरातही तीच पद्धत होती.

एकदा न्हाणीघरातलं जाळं काढताना तिच्याच हातून झाडूचा दांडा एका लिंपलेल्या खोलीला लागला आणि भोक पडलं. माशी शेजारची खोली बांधत होती. ती आली, भोकाभोवती फिरली, गेली, आणि माती घेऊन येऊन तिनं ते भोक बुजवलं. धाकटी हातातला झाडू तसाच धरून बघत राहिली आणि मग मला हाक मारली, पण मी पोचेपर्यंत भोक बुजलं होतं. तिनं हे पेपरात लिहिलं. मी तेव्हाच म्हणालो होतो, 'एकदाच घडलेल्या गोष्टीची सरासरी निघत नाही, हे वगळ.' त्यावर ती म्हणाली, 'मग आपलं लग्नही वगळ. तेही एकदाच झालंय.' यावर संख्याशास्त्रात उत्तर नाही.

आता जर्नलचं काम कसं चालतं ते सांगतो. तुम्ही परीक्षेचे गठ्ठे तपासलेत, तुम्हाला लगेच कळेल. आपण पेपर पाठवायचा. संपादक तो त्या विषयातल्या दोघातिघांकडे तपासायला देतात. परीक्षकांना आपलं नाव कळतं, त्यांचं आपल्याला कळत नाही. ते हे काम फुकट करतात, आणि फुकट काम करणाऱ्या माणसाला कशाचीच घाई नसते. तोवर जर्नलच्या वेबसाइटवर आपल्या नावापुढे 'परीक्षण सुरू आहे' एवढे तीन शब्द दिसतात. धाकटी रोज सकाळी चहाआधी ते तीन शब्द बघायची. ऋतू बदलला, शब्द बदलले नाहीत. मधल्या काळात तिचं पोट दुखायला लागलं. मग तिचीही तपासणी सुरू झाली, आणि ते निकाल मात्र भराभर आले.

जर्नलचा निकाल आला तेव्हा ती हॉस्पिटलात होती. 'मोठ्या फेरबदलांसह पुनर्विचार.' मी छापून नेला आणि कॉटशेजारी बसून वाचून दाखवला. पहिल्या परीक्षकांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या : काम चांगलं आहे, भाषा कुणा जाणकाराला दाखवावी. (धाकटीनं आयुष्यभर ज्यांची भाषा सुधारली, त्यांची यादी मी मनातल्या मनात करून टाकली.) दुसऱ्या परीक्षकांनी मात्र मूळ पेपराहून लांब मजकूर लिहिला होता. हेच घर का निवडलं? आम्ही इथेच राहतो म्हणून. खिडक्यांची दिशा का दिलेली नाही? आणखी चार पेपरांचा संदर्भ द्यावा; आणि ते चारही एकाच गृहस्थांचे निघाले, बहुधा परीक्षकांचे स्वतःचेच, म्हणजे नाव झाकून टोपी उघडी. ती इतकी हसली की नर्स धावत आली. मग सलाइन लावलेल्या हातानं खुणा करत तिनं मला एकेका मुद्द्याचं उत्तर लिहून घ्यायला लावलं. प्रत्येकाची सुरुवात 'परीक्षकांच्या मौलिक सूचनेबद्दल आम्ही ऋणी आहोत' अशी. ते वाक्य म्हणताना तिचा चेहरा कसा व्हायचा, ते तुम्हाला सांगायला नको. लहानपणी 'ताईची माफी माग' म्हटल्यावर व्हायचा, तोच असणार.

शेवटचा मुद्दा राहिला. 'बुजवलेल्या भोकाचा परिच्छेद एकाच निरीक्षणावर आधारलेला आहे. पुन्हा करून दाखवावं अथवा काढून टाकावा.' धाकटी म्हणाली, 'यावर मी भांडणार आहे. आता दमले. घरी गेल्यावर.'

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुम्ही होतातच.

त्यानंतर बरेच दिवस मी कॉम्प्युटर उघडला नाही. उघडला तेव्हा तिच्या नावे पत्रांचा ढीग पडला होता. माणसांच्या पत्रांना उत्तरं दिली. जर्नलचं यंत्र मात्र ऐकेना. 'सुधारित प्रत अद्याप मिळालेली नाही.' 'आपण लेखिका असल्याची खात्री अद्याप केलेली नाही, कृपया खालील बटण दाबावं.' मी कळवलं की लेखिका हयात नाहीत. उलट टपाली उत्तर आलं : खात्री लेखिकेनं स्वतःच करणं आवश्यक आहे. एवढ्यावर थांबले नाहीत. तिला दुसऱ्या कुणाच्या तरी पेपरची परीक्षक म्हणून नेमलं, आणि काही दिवसांनी तिच्या दिरंगाईबद्दल नापसंतीही कळवली. दिरंगाई हा शब्द तिच्या बाबतीत वापरलेला मी पहिल्यांदाच वाचला. तिच्या खात्यात जाऊन ते बटण मला दाबता आलं असतं. बोट तिथवर नेलंही. पण तिच्या नावानं 'होय, मी आहे' म्हणायचं होतं, आणि तेवढं माझ्याच्यानं होईना.

शेवटी मी संपादकांना साधं पत्र लिहिलं आणि तिनं सांगितलेली उत्तरं जोडली. शेवटच्या मुद्द्यापुढे लिहिलं, 'यावर लेखिकेचं म्हणणं ऐकायचं राहून गेलं.' या वेळी माणसानं उत्तर दिलं. संपादिकाबाईंनी दुःख व्यक्त केलं, बटणाची अट काढून टाकली आणि पत्र परीक्षकांकडे पाठवलं. पहिल्या परीक्षकांनी लगेच मान्यता दिली. दुसऱ्यांनी लिहिलं : 'लेखिकेच्या निधनाची बातमी वाचून वाईट वाटलं. तरीही एक निरीक्षण हे एकच निरीक्षण असतं.'

आमचे विभागप्रमुख हे वाचून संतापले. हा माणूस आहे की दगड, परीक्षक बदलून मागा, मी सही करतो, म्हणाले. मी बरं म्हटलं आणि घरी आलो. ताई, खरं सांगू का, मला त्या माणसाचा राग आला नाही. इतक्या महिन्यांत सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. मी काहीही म्हटलं तरी मान डोलवत होते. भाजीवालासुद्धा घासाघीस करेनासा झाला होता. आणि धाकटीबद्दल तर सगळे असं बोलायचे, जणू ती आयुष्यात कधी चुकलीच नव्हती. हा एकटाच असा निघाला, जो तिच्याशी अजून वाद घालत होता. तिनं घरी येऊन भांडायचं ठरवलं होतं. ती आली नाही, म्हणून त्यानं आपली बाजू सोडली नव्हती. मग दुसरी बाजू लढवायला कुणीतरी हवं होतं.

म्हणून ही सुई. माश्या परत बांधकामाला लागल्या तशी मी लिंपलेल्या खोल्यांना भोकं पाडायला सुरुवात केली. मी आयुष्यात माशी जवळून पाहिली नव्हती, फक्त तिचे आकडे पाहिले होते. पहिल्याच दिवशी कानाच्या पाळीवर डंख बसला आणि कान इतका सुजला की वर्गात मी एका बाजूनं हत्तीसारखा दिसत होतो. दुसऱ्या वेळी सुईबरोबर अख्खी खोली खाली आली. एकदा स्टूल घसरलं आणि मी कपड्यांच्या टोपलीत बसलो, तिथून निघायला वरच्या बाईंना हाक मारावी लागली. त्यांचा फोन तुम्हाला त्याच संध्याकाळी आला असावा.

आणि माश्या भोक बुजवेनात. येत, शेजारची खोली बांधत, उघड्या भोकावरून चालत जात आणि उडून जात. मी खाली उभा राहून म्हणत असे, 'अगं, बघ ना, तिथेच आहे.' (बाईंनी ऐकलं ते हे.) दिवसामागून दिवस हेच. मला वाटायला लागलं की परीक्षकांचं बरोबर आहे, आणि हे मला पेपरात लिहावं लागणार, तिच्या नावाखाली. एका दुपारी तर मी पेपर उघडून तो परिच्छेद काढूनही टाकला. मग स्वयंपाकघराच्या खिडकीवरची एक आली. भोकापाशी थांबली. मिशांनी चाचपलं, गेली. मी सुई तशीच धरून उभा. माती घेऊन आली आणि बुजवायला लागली. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

पुढे आणखी काहींनी बुजवलं, बहुतेकींनी नाही. धाकटीनं लिहिलं होतं, 'माशी भोक बुजवते.' परिच्छेद परत घालताना मी ते बदलून केलं, 'काही माश्या, क्वचित, भोक बुजवतात.' तो एक शब्द घालताना माझा सगळा दिवस गेला. तिला 'क्वचित' अजिबात आवडला नसता. पण तो खरा आहे, आणि खऱ्यापुढे ती, कुरकुरत का होईना, गप्प बसायची. दुसऱ्या परीक्षकांचा शेवटचा शेरा परवा आला. 'आता समाधानकारक. न्हाणीघरातलं मूळ निरीक्षण मात्र लेखिकेच्या शब्दांत, जसंच्या तसं, फक्त तिच्याच नावे ठेवावं. पहिल्यांदा तिनं पाहिलं.' पेपर स्वीकारला गेला आहे. ते वाचून मी बराच वेळ न्हाणीघरात जाऊन बसलो.

तेव्हा काळजीचं कारण नाही, हे तुम्हीच वरच्या बाईंना कळवा. माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसणार नाही. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि कुत्र्याला सबुरीचा सल्ला.

आपला,
धाकटीचा नवरा

ता. क. जर्नलवाले तिच्या नावापुढे एक खूण करून तळटीप देणार आहेत. त्यात जन्मसाल हवं आहे. दाखल्यावर एक आहे, ती मला दुसरंच सांगायची आणि तिच्या वाढदिवसाला तुम्ही तिसरंच धरून चिडवायचात. खरं कोणतं ते तुमच्याशिवाय आता कुणाला माहीत नाही. दुसरे परीक्षक तळटीपही वाचतील, तेव्हा जपून.

ता. क. २ : तळटीपेत तिच्याविषयी एक वाक्यही चालेल म्हणतात. एकच. मी पुष्कळ लिहून पाहिली, कुठल्याही वाक्यात ती मावत नाही. तुम्ही तिला माझ्या आधीपासून ओळखता.

ता. क. ३ : वाक्य पत्रानं पाठवू नका. घेऊन या. चार दिवस राहा. वाक्य नाही सुचलं तरी या.