अवघ्या पंचवीस मिनिटांत

चि. रामलिंग यास,

आशीर्वाद लिहायची रीत हाय म्हणून लिहिते.

तुझी पत्रिका मिळाली. लातूरला आपल्या अप्पांच्या नावानं कोचिंग क्लास काढलास, अन् उद्घाटनाला भाड्याच्या विमानानं येणार. वर छापलंस, ‘नांदेड ते लातूर, अवघ्या पंचवीस मिनिटांत!’ खाली विमानाच्या पायरीवर गॉगल लावून तू उभा. लई शोभतोस.

त्र्याण्णवच्या भूकंपात अप्पा ढिगाऱ्यातून जिवंत निघाले होते. दीड दिवस तुझी वाट बघितली अन् गेले. तू नांदेडहून पाचव्या दिवशी उगवलास. म्हणालास, “अक्का, रस्ताच बंद होता.” तिथं तू घेत होतास त्या शिकवणीचा एक तास बुडू दिला न्हाईस, हे मागाहून कळलं.

रामलिंग, भूकंप झाला त्याच संध्याकाळी नांदेडहून भाकरीचा टेम्पो आपल्या गावात आला होता. भाकऱ्या अजून मऊ होत्या.

हे मी उद्घाटनात उभी राहून सांगितलं असतं. पण आई आजही येईल त्याला सांगते, “माझ्या लेकराला रस्ताच मिळाला न्हाई.” म्हणून येत न्हाई, अन् हे पत्रही टाकत न्हाई.

त्या टेम्पोतली भाकरी तिनंही खाल्ली होती.

तुझी अक्का,
शेवंता