महापौरांच्या गालावरचा अंगठा

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त खुर्चीतूनच). डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घालता ना? मामीला सांगा, मी वेळेवर जेवते. (कंपाउंडरकाका, हे पत्र तुम्हीच मामांना वाचून दाखवणार, म्हणून तुम्हालाही नमस्कार. कंसातलं मोठ्याने वाचू नका. मागच्या वेळी 'मामीला कळू देऊ नका' हेसुद्धा तुम्ही मामीसमोर खणखणीत आवाजात वाचलंत.)

आमच्या मातीच्या सिनेमाला पहिलं बक्षीस मिळालं, हे कानावर आलंच असेल. सिनेमा सात मिनिटांचा, त्यातले महापौर वीतभर उंचीचे. ते शहरातला प्रत्येक खड्डा बुजवायचं वचन देऊन बसतात आणि दुसरं काही हाताशी नसल्यामुळे स्वतःच्याच अंगाची माती काढून खड्डे भरत जातात. आधी पोट, मग पाय, मग कान. शेवटी लिंबाएवढं डोकं उरतं, आणि तेही पुढचा खड्डा बघून 'उद्या करू' म्हणतं. या महापौरांना हलवायचं काम माझं. केसभर हलवायचं, फोटो काढायचा, पुन्हा केसभर. सकाळपासून हलवले की संध्याकाळी पडद्यावर एकदा शिंकतात. (तुम्ही विचारलं होतंत, 'एवढं शिकून शेवटी चिखलच कालवतेस?' होय मामा. पण तुम्ही तो भिंतीला लावता, मी नाकाला.)

सिनेमा दाखवला त्या दिवशी दिग्दर्शिकाबाईंनी मला वही देऊन दाराशी उभं केलं. लोक काय बोलतात ते लिही म्हणाल्या. मी शिंका-खोकलेसुद्धा लिहिले. पुढच्या रांगेत इथले खरे महापौर बसले होते. मी वहीआड तोंड लपवलं. पण सगळ्यांत जास्त तेच हसले, कारण हा सिनेमा आधीच्या महापौरांवर आहे अशी त्यांची खात्री. आधीचे महापौर त्यांच्याच मागे बसून, हा आत्ताच्यांवर आहे म्हणून हसत होते. दाराशी दोघांनी एकमेकांना 'काय जिरवली आहे!' म्हणत टाळी दिली. रस्ते खात्यातले एक साहेब मला म्हणाले, "खडी नाही, काही नाही, नुसती माती? पहिल्या पावसात वाहून जाईल." एका आजींनी दोनदा विचारलं, "त्या बिचाऱ्याला घरचं कोणी नाही का गं?" (नाही म्हणायचं जिवावर आलं. एक बहीण आहे, सांगितलं. खोटं बोलले.) एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, "अगदी तुम्हीच! नुसतं उद्या करू, उद्या करू." नवरा म्हणाला, "यावर आपण उद्या बोलू."

इथवर सगळं छान होतं. मग परीक्षकांच्या अध्यक्षबाई व्यासपीठावर आल्या. म्हणाल्या, शेवटच्या दृश्यात महापौरांच्या गालावर अंगठ्याचा ठसा दिसतो, तो जनतेचा ठसा. या एका खुणेसाठी हे बक्षीस. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मामा, तो जनतेचा नाही, माझा आहे. आणि ती चूक आहे. दर वेळी हात लागला की ओल्या कुंचल्याने माती गुळगुळीत करायची, हा आमचा नियम. ते शेवटचं दृश्य करत होते त्या दुपारी मामीचा फोन आला. म्हणाली, "पट्टी सोडली गं! दिसतंय त्यांना. डोळा उघडल्याबरोबर समोरच्या भिंतीकडे बघून म्हणाले, गिलावा वाकडा आहे." मी हसत होते की रडत होते, मलाच ठाऊक नाही. तेवढ्यात महापौर कलंडले, मी अंगठ्याने सावरले, आणि कुंचला राहूनच गेला.

गिलाव्यावर हात दिसला तर गवंडी कच्चा, हे मी तुमच्याकडूनच शिकले. आणि माझं नाव शाळेत घातलंत तेव्हा कारकुनासमोर अंगठा उठवून, शाई पुसत बाहेर येऊन म्हणाला होतात, "आपल्या घरातला हा शेवटचा अंगठा." एवढी वर्षं मी सही घोटली, आणि शेवटी भर सभागृहात अंगठाच लावून आले. तोही महापौरांच्या गालावर!

आमच्या दिग्दर्शिकाबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मुकाट्याने बस. हातचं बक्षीस घालवशील." पण मला अन्न गोड लागेना. म्हणून तुम्हाला विचारते. रविवारी तुमच्याकडच्या सभागृहात सिनेमा दाखवणार आहेत. पुढे बसा आणि नव्या डोळ्याने तो गाल बघा. काम कच्चं म्हणालात, तर मी परीक्षकांना खरं लिहून कळवीन, मग बक्षीस राहो की जावो.

तुमची,
भाची

ता. क. खोटं कशाला बोलू? परीक्षकांना पत्र सोमवारीच टाकलं. 'खरं सांग' म्हणाला असतात हे मला ठाऊकच होतं. (आणि 'नको' म्हणाला असतात तर माझी पंचाईत झाली असती.)

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच त्यांचं उत्तर आलं. बक्षीस कायम आहे, चूक असली तरी सुंदर आहे म्हणतात. फक्त हा अंगठा आपला असल्याचं माझ्याआधी दोघांनी लेखी कळवलंय. एक दिवे लावणारे दादा, दुसऱ्या आमच्या बाई. तेव्हा खरा कोणाचा ते ठरवायला तिघांनी कागदावर ठसा पाठवायचा आहे.

मामा, सकाळपासून तेरा कागद वाया गेले. कुठे नुसता डाग पडतो, कुठे शाई फरफटते. शाई किती घ्यायची, अंगठा वरून दाबायचा की कडेपासून लोळवायचा, हे सविस्तर कळवा. घरात विचारण्यासारखे तुम्हीच आहात. उत्तर काकांकडून लिहून घ्या, पण सहीच्या जागी तुमचा अंगठा हवा. नमुना म्हणून समोर ठेवीन, नंतर चौकट करून भिंतीला लावीन. (काका, हे मात्र मोठ्याने वाचा.)