दुखणारे डोळे

केशवदादा,

सलाम. आपल्या ख्रिस्ती लोकायचा हाच शब्द रविवारी तू मले तुझ्या दारातच गिळायले लावला. "पाहुणे हिंदू आहेत, आज नमस्कारच कर वं," म्हणाला. तुझ्या पोरीचं, वेदिकाचं लग्न जुळावं म्हणून मी ऐकलं.

पण ताट समोर आलं अन् माझे डोळे आपोआप मिटले. सवय तूच लावली ना गा? पारशिवनीच्या घरी सगळ्यात आधी तू येशूवर विश्वास ठेवला, बाबांचा मार खाल्ला, अन् मले शिकवलं, आभार मानल्याशिवाय घासाले हात लावायचा नाही.

पोराच्या आईनं विचारलं, "आत्याबाई काहून डोळे मिटून बसल्या?"

"डोळे दुखून राहिले तिचे," तू हसत म्हणाला.

तेवढ्यावर थांबला नाही. फ्रिजमधून थेंबांची बाटली आणली, माझी मान मागं केली अन् दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले. मग जेवायले बसला. आभार न मानता.

त्या बाईनं मायेनं विचारलं, "कधीपासून दुखतात?"

"आजपासून," मी म्हटलं.

तू मान खाली घालून भात कालवत राहिला.

हे पत्र मी टाकणार नाही. पाहुण्यायच्या हाती लागलं तर पोरीचं मोडायचं. तिच्यासाठी मी रोज प्रार्थना करते. शत्रूसाठीही करायची, हे तूच शिकवलं. शत्रूसाठी जमते गा. तुझ्यासाठी डोळे मिटले, की ते थेंब झोंबतात.

डोळे चांगले असलेली तुझी बहीण,
प्रेमलता