पाण्याची पाळी भिंतीवर

बाबा, मी नगरपरिषदेला उभी आहे. आमचा वॉर्ड यंदा महिला राखीव निघाला. तुम्ही असता तर आधी दार ओढून घेतलं असतं आणि मग विचारलं असतं, "काऊन? घरात काम कमी पडून राह्यलं का तुले?" काम कमी नाही पडत. मशीनवर ब्लाऊजांचा ढीग आहे, लग्नसराई तोंडावर आहे, तरी उभी आहे. आणि ज्या गोष्टीसाठी उभी आहे ती तुम्हाला मुळीच आवडायची नाही. म्हणून तर लिहायला बसले. जिवंतपणी तुमच्यासमोर माझं तोंड कधी उघडलं नाही, आता उघडते.

आमच्या ले-आउटमधले मोठे पुढारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांनीच मला उभं राहायला सांगितलं. म्हणाले, "ताई, तुम्ही फक्त हात जोडा, बाकी आम्ही पाहून घेतो." पत्रकात काय लिहायचं तेही त्यांनी ठरवून आणलं होतं. वस्तीच्या तोंडाशी मोठं प्रवेशद्वार, चौकात उंच दिवा, आणि ओपन स्पेसवर सभामंडप. मी म्हटलं, माझी यादी वेगळी आहे. नाली आधी, रस्ता मागून, कारण दर वेळी रस्ता उंच होतो आणि सांडपाणी लोकांच्या उंबऱ्यात शिरतं. ओपन स्पेसवर एक वीटही नको, म्हाताऱ्यांना फिरायला आणि पोरांना खेळायला तेवढीच जागा उरली आहे. घंटागाडी शेवटच्या गल्लीपर्यंत गेली पाहिजे. आणि या सगळ्याच्या वर, पहिल्या नंबरावर, पाण्याची पाळी भिंतीवर रंगवायची. कोणत्या गल्लीला कोणत्या दिवशी, किती वाजता, किती वेळ, सगळं. आणि सुरुवात दर वेळी पहिल्या गल्लीपासून नाही, आळीपाळीनं.

आता तुमच्या कपाळावर आठी पडली असेल, ती मला इथून दिसते. पाणी सोडायचं काम तुम्ही उभी हयात केलं. व्हॉल्व्ह फिरवायची तुमची ती लोखंडी चावी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी असायची, माझ्यापेक्षा उंच. आई भाकर थापत असायची, तुम्ही चुलीपाशी बसून दोन घास खायचे आणि चावी सायकलला बांधून निघायचे. सुट्टीच्या दिवशी मी पुढं दांडीवर. काय थाट होता तुमचा. बाया पाणी भरायचे पितळी गुंड घेऊन दारात उभ्या, कोणी चहा आणते आहे, कोणी मेथीची जुडी सायकलला अडकवते आहे, आणि सगळ्या एकच विचारतात, "भाऊ, आज येईन का आमच्याकडं?" तुम्ही कधीच हो म्हणायचे नाही. "पाहू" म्हणायचे. पहिल्या गल्लीत नगरसेवकाचं घर, तिथला व्हॉल्व्ह आधी उघडायचा आणि शेवटी बंद व्हायचा. शेवटच्या गल्लीत पोचेपर्यंत पाण्याची धार करंगळीएवढी. मला तेव्हा वाटायचं, माझा बाप या गावाचा राजा आहे.

माझ्या वर्गात शेवटच्या गल्लीतली एक पोरगी होती. आठवड्यातून दोन-दोन दिवस ती शाळेत यायची नाही. आई मजुरीला जायची आणि नळ कधी येईल ते कोणालाच ठाऊक नसायचं, म्हणून हिला नळापाशी बसवून ठेवायचे. मी तुमच्याबरोबर फिरून सगळ्या वेळा पाठ केलेल्या. वहीच्या पानावर रेघा मारून तिला लिहून दिल्या. बस, एवढंच केलं. तिच्या आईनं तो कागद भिंतीला चिकटवला आणि दुसऱ्याच पाळीला तुम्हाला अडवून म्हणाली, "आज आमची पाळी हाये भाऊ, लिहेल हाये." तुम्ही घरी आले, तो कागद तुमच्या हातात होता. मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. कागद चुलीत टाकला आणि म्हणाले, "हे असं लिहून देलं तर मंग मले कोन विचारीन? आज लोकं थांबून राह्यतात माह्यासाठी." पुन्हा मला दांडीवर बसवलं नाही. आणि त्या गल्लीचं पाणी तुम्ही पुढच्या दोन पाळ्या सोडलंच नाही. आईला सांगितलं, मोटर बिघडली. मोटर बिघडलेली नव्हती बाबा. आमच्याकडं नळ आला होता.

मग तुम्ही गेले, अचानक. तिसऱ्या दिवशी घरात माणसं बसलेली, आणि नगरपरिषदेचे दोघं जण चपला बाहेर काढून दारात उभे. मला वाटलं, भेटायला आले. एक जण खाली मान घालून म्हणाला, "ताई, वेळ बरी नाही, पन शेवटच्या गल्लीचा व्हॉल्व्ह सापडून नाही राह्यला. तुमाले मालूम आहे का?" रस्ता सिमेंटचा केला तेव्हा ठेकेदारानं झाकण गाडून टाकलं होतं. तुम्हाला ते ठाऊक होतं. तुम्ही कडेनं खड्डा करून हात घालायचे आणि कोणाला काही सांगायचे नाही. कुठं नोंद नाही, नकाशा नाही, सगळं तुमच्या डोक्यात, आणि डोकं आम्ही जाळून आलो होतो. मी तशीच उठले. विजेच्या खांबापासून सात पावलं, लहानपणी दांडीवर बसून मोजलेली, पण ती तुमची. माझी नऊ भरली. पहारीनं रस्ता फोडला तेव्हा खाली व्हॉल्व्ह निघाला. बाया रिकामे गुंड घेऊन भोवती उभ्या होत्या आणि तुमच्यासाठी हळहळत होत्या. मला रडू आलं नाही. मला तुमचा राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

परवा भाऊ पत्रकाचा मजकूर घेऊन आले. पहिला नंबर खोडलेला. म्हणाले, "ताई, एकदा का पाळी भिंतीवर लिहिली, मंग नगरसेवकाच्या दारात येईन कोन? आन तुमचं सासर तं पयल्याच गल्लीत. तुमचेच लोकं तुमाले मत देनार नाही." चुलीपुढं तुम्ही बोलला होता तेच, शब्द तेवढे बदललेले. तिथंच माझं ठरलं. म्हटलं, "दारात कोणी येऊ नये म्हणूनच तर उभी आहे भाऊ." ते म्हणाले, "मंग तुमचं तुम्ही पाहा." पाहते आहे. मजकूर मी स्वतः छापखान्यात नेऊन दिला, पहिला नंबर पहिलाच ठेवून. शेजारच्या काकू विचारून गेल्या, "म्हंजे आमचं पानी कमी करशीन तू?" हो म्हटलं, कमी होईल. तेव्हापासून बोलत नाहीत. पडले तर पडले. पण मतदानापर्यंत प्रत्येक दारात तेच सांगणार, तुम्ही वरून कितीही डोळे वटारा.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. पहिल्या गल्लीत मत मागताना मी सांगते, पाणीवाल्या भाऊंची लेक. लोक आत बोलावतात, चहा करतात, तुमच्या आठवणी काढतात, आणि मी काढू देते. शेवटच्या गल्लीत काल एका म्हातारीनं माझा हात धरून विचारलं, "कोनाची वो तू, बाई?" मी नुसतं सासरचं आडनाव सांगितलं आणि पुढच्या दाराकडे वळले.