सबवूफरचा घूं आणि वायरमनचा डाव

३ मार्च, मंगळवार. सकाळी ९ वाजून १२ मिनिटे.
मामांच्या गेम पार्लरमध्ये, पिनबॉल मशीनखाली उताणा पडून लिहीत आहे. काल मशीनला बाहेरून सबवूफर, म्हणजे दणक्याचा मोठा स्पीकर, जोडला. बॉल आपटला की गिऱ्हाइकाची छाती हादरली पाहिजे, हा मामांचा हुकूम. हादरते. पण कोणी खेळत नसतानाही घूंऽऽ चालूच. मामा म्हणाले, मशीन आणलंय की मधमाश्यांचं पोळं? शनिवारपर्यंत बंद कर, नाहीतर तुझी टेक्निशियनगिरी संपली. परत काउंटरवर बसून टोकनं मोज.
बारावी अर्धवट सोडली ती टोकने मोजायला नाही.

दुपारी १.४०.
इमारतीचा वायरमन डोकावला. आवाज ऐकून हसला. म्हणाला, भाऊ, मशीनचा प्लग या भिंतीला, सबवूफरचा त्या भिंतीला, अर्थिंगचा घोळ आहे हा. दोन्ही एकाच बोर्डात लाव, गप्प बसेल. मी विचारले, किती घेणार? म्हणाला, सांगायचे कसले पैसे?
इथेच सावध झालो. एका बोर्डावर दोन यंत्रे म्हणजे लोड. लोड म्हणजे जळणे. जळणे म्हणजे दुरुस्ती. दुरुस्ती म्हणजे वायरमन.
डाव लक्षात आला. सबवूफर मुद्दाम आणखी लांब, पार खिडकीकडच्या सॉकेटला नेला. दहा मीटर केबल आणावी लागली.

४ मार्च.
घूं वाढला. म्हणजे वायरमन येऊन काहीतरी करून गेला. दोन्ही प्लगांवर चिकटपट्टी लावून तारीख, वेळ, सही केली. हात लावला की कळेलच.

५ मार्च.
पट्ट्या शाबूत. घूं तसाच. माणूस सराईत दिसतो.
जाड, जाळीवाली, महाग केबल घातली. फरक नाही. एका गिऱ्हाइकाने विचारले, आत फ्रीज आहे का? त्याचा चेहरा लक्षात ठेवला आहे.

६ मार्च. दुपार.
केबलला घरची फॉइल गुंडाळली. फरक नाही. फॉइलचा परिणाम सावकाश होत असावा.
आईने फोनवर विचारले, फॉइलचा अख्खा रोल कुठे गेला रे? माहीत नाही म्हणालो. तपासात गुप्तता लागते. आई म्हणाली, मग डबा कशात बांधू, तुझ्या डोक्यात?
वायरमन जिन्यात भेटला. लावलंस का एका बोर्डात, म्हणाला. इतकी घाई का?

७ मार्च, शनिवार. सकाळी १०.०५.
घात झाला.
सफाईच्या मावशी फरशी पुसत होत्या. म्हणाल्या, बाबा, ही दोरी कशाला बांधलीस? धुणं वाळत घालायचंय का? मी उत्तर देईपर्यंत त्यांनी माझी सही फाडून प्लग उपटला, सबवूफर ढकलत मशीनजवळ नेला आणि मशीनच्याच बोर्डात खुपसला.
शांतता. नेमके तेव्हाच मामा आत आले.
मी म्हणालो, फॉइल लागू पडली. मावशी म्हणाल्या, फॉइल कसली, मी प्लग हलवला. मी मामांना वायरमनचा एका बोर्डाचा सल्ला सांगितला; मावशी त्याला सामील आहेत, हे उघड करायलाच हवे होते. म्हणून मामांसमोर सबवूफर परत खिडकीकडे नेला. घूं. इकडे आणला. शांत. तिकडे, घूं. इकडे, शांत. पाच वेळा केले, योगायोगाला जागा नको म्हणून.
सहाव्यांदा प्लग उपटला तेव्हा मामा म्हणाले, राहू दे, कळलं मला. मावशी म्हणाल्या, पोराला व्यायाम तरी झाला.

८ मार्च, रविवार. सकाळी ११.
काउंटरवर. सहाशे बारा टोकने. दोनदा मोजली.
मशीनची देखभाल आजपासून वायरमनकडे.
खर्च: लांब केबल ६४०, जाड केबल १,१५०, चिकटपट्टी ४५. मामांकडून मिळाले: शून्य.
देणे: आईला फॉइलचा रोल, एक.
मामांनी वायरमनला त्या सल्ल्याचे किती द्यायचे विचारले. म्हणाला, राहू द्या, एवढ्याशा कामाचं काय घ्यायचं.
यातच सगळे आले.