वाटूरचा समुद्र कोणाचा

मु. वाटूर, तालुके परतूर, जिल्हे परभणी
कार्तिक वद्य पंचमी

तीर्थस्वरूप दाजी काकासाहेब यांच्या पायांशी पुंजारामचा नमस्कार पोचावा. आक्का धाकटी, म्हणून तिला आणि लेकरांना आशीर्वाद. तुमचा गुडघा आता कसा आहे? मुंबईच्या दमट हवेत तो अजून ठणकत असेल तर एरंडाचं पान गरम करून बांधावं, आणि जिना दोनदाच चढावा. इकडं पीकपाणी बरं आहे. चतुराबाई बरी आहे. मी बरा न्हाई. अन्न गोड लागत न्हाई, आणि मूलचंदशेठच्या दुकानाच्या ओट्यावरून हसण्याचा आवाज आला की छातीत धडधडतं. वैद्यानं जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि पोट साफ करायचं चूर्ण दिलं. ते मी चार दिवस घेतलं. पोट साफ झालं, दुखणं जागेवर आहे. ह्या दुखण्याचं नाव मच्छिंद्र.

मच्छिंद्र म्हणजे गोजरबाईचा मधला. (तुम्ही त्याला पाहिलं आहे. तुमच्या आणि आक्काच्या लग्नात बुंदीच्या पातेल्यात पडल्ता तोच.) लढाईच्या दुसऱ्या वर्षी तो पलटणीत भरती झाला. बंदूक हातात देण्याजोगा साहेबाला तो वाटला न्हाई, म्हणून त्याला खेचरं हाकायला दिली, आणि त्या खेचरांसकट जहाजात घालून इटलीला नेला. श्रावणात तो परत आला. डाव्या पायानं थोडा लंगडतो, पण ह्या लंगडण्यानंसुद्धा त्याचा भाव वाढलाच आहे.

आता माझी गावात काय जागा होती ते तुम्हाला मी सांगायला नको, पण सांगतो. अकरा वर्षांमागं मी आणि चतुराबाई द्वारकेला जाऊन आलो. त्या दिवसापासून वाटूरमध्ये समुद्र पाह्यलेला माणूस एकच, तो म्हणजे मी. संध्याकाळी मूलचंदशेठच्या दुकानासमोर माणसं बसली की कोणी तरी म्हणायचं, तात्या, समुद्राचं सांगा. मंग मी खांद्यावरचं उपरणं ओट्यावर पसरून भरती दाखवायचा आणि हळूच ओढून ओहोटी दाखवायचा. पाहुण्यारावळ्यांना मुद्दाम आणून बसवायचे. मंठ्याच्या बाजारात मला लोक समुद्रवाले तात्या म्हणून ओळखायचे. एका सोयरिकीत तर मुलीच्या बापानं जमिनीच्या आधी माझ्या समुद्राची चौकशी केली, कारण नवरा मुलगा माझा चुलतपुतण्या होता. अकरा वर्षं, दाजी. एवढी वर्षं तर पाटलाचा रुबाबही टिकत न्हाई.

मच्छिंद्र आला आणि तिसऱ्याच दिवशी त्याच ओट्यावर बसला. तो ज्या जिल्ह्यात होता त्याचं नाव सालेर्नो. (मूलचंदशेठ त्याला सालारनगर म्हणतात, आणि ते निजामाच्याच मुलखात कुठं तरी असावं असं त्यांना अजून वाटतं.) तिथं म्हणे डोंगर सरळ समुद्रात उतरले आहेत, मधे उभं राहायला जागा न्हाई, म्हणून गावंच्या गावं पायऱ्यांवर वसली आहेत. एका घराचं छत ते वरच्या घराचं अंगण. डोंगराला दगडी ताली, म्हणजे पायरीपायरीनं बांध घातले आहेत, आणि प्रत्येक तालीवर लिंबाच्या बागा. लिंबू म्हणजे आपल्या दोन मुठींएवढं, त्याची साल जाड, आणि लोक ती सालसुद्धा खातात. थंडीत त्या बागांवर फांद्या आणि चटया टाकून त्यांना पांघरूण घालतात. तिथल्या एका इवल्याशा गावानं आठनऊशे वर्षांमागं दर्यावर हुकमत चालवली आणि जहाजवाल्यांचे कायदे लिहिले. आज तिथं मासे सुकत पडतात. खाली सपाटीला तीन देवळं आहेत, अडीच हजार वर्षांची. खांब उभे, छप्पर न्हाई, देव न्हाई, पुजारी न्हाई. तरी लढाईच्या आधी लांबलांबचे गोरे लोक आगगाडीनं यायचे, खाणावळीत महिना महिना राहायचे, सकाळी ते खांब पाहायचे आणि दुपारी खिडकीतून समुद्र पाहायचे. गोजरबाईनं लेकाला विचारलं की तिथं नवस बोलतात का. तो म्हणाला, न्हाई. मंग जत्रा भरते का. न्हाई. मंग येतात कशाला? तर म्हणे, नुसतं पाहायला. ह्यावर सगळा ओटा गप्प झाला, आणि मला त्या गप्प होण्याचा फार राग आला. माझ्या द्वारकेच्या वेळी लोक इतके गप्प कधीच झाले न्हाईत.

रोज असं चाललं. माझं उपरणं खांद्यावर तसंच. एका संध्याकाळी तो म्हणाला की त्या देवळांच्या बाजूला म्हशी चरतात, आपल्यासारख्याच काळ्या. मी म्हणालो, वा, इटलीत म्हशी. लोक हसले, मला जरा बरं वाटलं. मंग मी खुंटा बळकट करायला विचारलं की तुझ्या त्या समुद्राला भरती किती हात येते. त्यानं विचार केला आणि म्हणाला, "तात्या, त्या समुद्राला भरती येतच न्हाई. आली तरी वीतभर. कोणाच्या ध्यानात येत न्हाई."

दाजी, मला इतका आनंद आयुष्यात कमी वेळा झाला असेल. भरतीशिवाय समुद्र! मी उठून उभा राह्यलो आणि सगळ्यांसमोर बोललो की हा गडी इटलीला गेलाच न्हाई, कुठं तरी तळ्याकाठी खेचरं धुवत बसल्ता. मूलचंदशेठ मधे पडले. त्यांनी ठरवलं की मंठ्याला कचरू मास्तर आहेत, मदरशात जुगराफिया म्हणजे भूगोल शिकवतात, त्यांच्या किताबेत जे निघेल ते खरं. मच्छिंद्र खोटा निघाला तर त्यानं इटली बंद करायची. मी खोटा निघालो तर ओट्यावर मी समुद्राचं नाव काढायचं न्हाई, कधीच. मी लगेच हो म्हणालो. (चतुराबाईला हे कळलं तेव्हा तिनं भाकरी थापायची थांबवली आणि माझ्याकडं बराच वेळ पाह्यलं.)

बाजाराच्या दिवशी बैलगाडीत आम्ही सहाजण निघालो. मी नवा पटका बांधल्ता. शिवाय जिंकल्यावर वाटायला म्हणून मूलचंदशेठकडून शेरभर पेढे आधीच घेऊन ठेवले. वाटेत ओढ्यात चाक रुतलं, आणि गाडी काढायला कोण उतरला? मच्छिंद्र, लंगड्या पायानं. खेचरांशी बोलायचा तसा बैलांशी काही तरी बोलला, आणि बैल निघाले. सगळे वाहवा करत होते. मी पेढे सांभाळत गाडीत बसल्तो.

कचरू मास्तरांनी मोठी उर्दू किताब काढली, चष्मा पुसला, आणि बोट ठेवून वाचलं. त्या समुद्राचं नाव त्यांच्यात बहीरा-ए-रूम, आपल्यात भूमध्य समुद्र. तो चारी बाजूंनी जमिनीनं वेढलेला, एका टोकाला चिंचोळं तोंड, म्हणून त्याला भरती नावापुरती. मी म्हणालो, मास्तर, पुढचं पान पाहा. त्यांनी पाह्यलं. पुढच्या पानावर दक्षिण इटलीच्या म्हशी निघाल्या. त्यांच्या दुधाच्या पनीराचे गोळे करून पाण्यात ठेवतात म्हणे. मी आणखी पानं उलटायला सांगितलं न्हाई.

परत येताना कोणी तरी पेढ्यांची टोपली उघडली. सगळ्यांना वाटलं, मच्छिंद्र जिंकला तरी वाटायचेच म्हणून मी पेढे आणल्ते. तात्यांचं मन केवढं मोठं, असं सहा कोस ऐकत आलो. मच्छिंद्रानं दोन खाल्ले. मी एकही न्हाई. तेव्हापासून ओट्यावर गेलो न्हाई. शेतात बसतो. पण वारा तिकडून असला की ऐकू येतं, दाजी. आता तो लोकांना लिंबाच्या बागेची पांघरुणं सांगून राह्यला. दोघातिघांनी आपल्या लिंबावर गोणपाट टाकलं आहे. वाटूरमध्ये, कार्तिकात, एवढं ऊन असताना!

परवा दुपारी मच्छिंद्र शेतात आला. मला वाटलं, मीठ चोळायला आला. तो बांधावर बसला, तूर पाह्यली, उगाच दोन शेंगा सोलल्या. मंग म्हणाला, "तात्या, एक विचारायचं होतं. ओट्यावर विचारता येत न्हाई." त्यानं सांगितलं ते असं. त्या जिल्ह्यात तो चौदा महिने होता आणि रोज समुद्र पाह्यला, पण वरून, डोंगरावरून. खाली काठाला लढाईतले सुरुंग पुरलेले, काटेरी तारा लावलेल्या. त्याचा एक जोडीदार तार ओलांडून पाय धुवायला गेल्ता. (त्याचं नाव त्यानं सांगितलं न्हाई, मी विचारलं न्हाई.) त्यानंतर मच्छिंद्र कधी खाली उतरला न्हाई. चौदा महिने समोर पाणी, आणि पावलाला थेंब लागला न्हाई. आणि मंग हा गडी मला म्हणतो, "तुमचा हेवा वाटतो, तात्या. तुम्ही पाण्यात उभे राह्यलात. लाट परत जाताना पायाखालची वाळू निघून जाते म्हणतात. कसं वाटतं ते?"

हेवा! माझा! मी इकडंतिकडं पाह्यलं, पण ऐकायला कोणीच नव्हतं. शेतात होतो, ओट्यावर न्हाई, म्हणून वचनही मोडत नव्हतं. मी उपरणं काढलं, तुरीच्या दोन ओळींमधल्या तासात पसरलं, आणि त्याला सगळं सांगितलं. वाळू कशी सरकते, पोटरीला पाणी कसं ओढतं, अंगावर काटा कसा येतो. तो डोळे मिटून ऐकत होता. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. बाकी सर्व क्षेम. लोभ आहेच, तो वाढवावा असंही लिहितो, कारण पुढं त्याची गरज पडणार आहे.

तुमचा
पुंजाराम

ता.क. मच्छिंद्राला पलटणीच्या कागदांसाठी पौषात मुंबईला यायचं आहे. तो म्हणतो, तात्या, तुम्ही चला, तिथला समुद्र मोकळा आहे, तुमचा हात धरून मी पाण्यात उतरतो. मी हो म्हणून बसलो आहे.

ता.क. दुसरा. दाजी, हे आक्कालाही वाचून दाखवू नका. द्वारकेला पोचल्या दिवशीच मला हगवण लागल्ती. आठ दिवस मी धर्मशाळेच्या कोपऱ्यात पडून होतो आणि तिथून मला तसंच स्टेशनावर नेलं. समुद्राचा आवाज मी भिंतीआडून ऐकला. पाण्यात उतरली ती चतुराबाई. रोज येऊन मला सांगायची, तेच मी अकरा वर्षं सांगून राह्यलो. म्हणून विनंती अशी की मी मच्छिंद्राच्या एक दिवस आधी तुमच्याकडं येतो. मला एकट्याला, कोणाला न सांगता, समुद्रावर न्यावं. भरती आणि ओहोटी दोन्ही दाखवावी, वेळा विचारून ठेवाव्या. दुसऱ्या दिवशी मी पाण्याच्या सवयीचा दिसलो पाहिजे.

ता.क. तिसरा. एकट्याला असं वर लिहिलं ते खोडतो. पत्र मोठ्यानं वाचून पाहत होतो, ते चतुराबाईनं ऐकलं. तीही पहिल्याच दिवशी येणार. मला म्हणाली, "दाजींना गुडघ्याचं दुखणं, मंग तुम्हाला धरायला कोणी तरी पाण्यातलं माहीत असलेलं पाहिजे."