एका अंकापुरते खलनायक

३ नोव्हेंबर

सुयशचं कपाट पुसलं. त्रेसष्ट मिनिफिगर — प्लास्टिकच्या चिमुकल्या बाहुल्या, प्रत्येकी साधारण चार सेंटिमीटर. कॉमिक्समधले असे नायक-खलनायक, की जे एका अंकात येतात, मार खातात, पुन्हा दिसत नाहीत. प्रसिद्ध एकही नाही. "त्यांना घ्यायला सगळं जग आहे, ताई!" म्हणायचा. मूळ नावं बाजूला ठेवून तो स्वतः बारसं करायचा. गंजेश्वर. धुकेबाई. कुलूपवाला.

जानेवारीत दिघीच्या जेट्टीवर त्याची बाईक सापडली. गळ सापडला, डबा सापडला. माझा भाऊ नाही. दहा महिने.

तेव्हापासून राहिलेले मी मिळवत आलेय. आता संचात एकच कमी आहे — वाळवीराज.

७ नोव्हेंबर

पनवेलच्या पियूषकडून वाळवीराज आला. तो आणि सुयश फिगरची अदलाबदल करायचे. मापाचा व्हर्नियर लावला. पाय ०.३ मिमी बारीक, हात सैल. नकली. परत पाठवला.

पियूषचा फोन — "मॅडम, एवढं कोण मोजतं?"

मी मोजते. कारखान्यात दाबमापकं तपासण्याचाच पगार मिळतो मला.

१० नोव्हेंबर

दिनानाथकाका आले. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात. गुरुजींनी यादी दिली आहे — पानं तीनशे साठ. डोक्याला चाळीस, मानेला दहा.

"वर्ष व्हायच्या आत उरकू या," काका म्हणाले. आई म्हणाली, "माझ्या पोराला वाट तरी मिळू दे."

मी नाही म्हटलं. देह नाही म्हणजे पुरावा नाही.

काकांनी कपाटाकडे मान उडवली. "ही सोंगं मांडून तो येणारे का गं?"

तात्या — बाबांना आम्ही तात्याच म्हणतो — ओटीवर सुपारी सोलत होते. वर न बघता म्हणाले, "पुतळा करायचा नाही. विषय संपला."

घरात माझ्या बाजूने एक माणूस तरी आहे.

११ नोव्हेंबर

आई बोलली नाही. डबा मात्र भरून ठेवला होता.

१६ नोव्हेंबर

पोलिसांना फोन करते म्हटलं. तात्या — "मी बघतो. तू त्यात पडू नकोस." प्रत्येक वेळी तेच जातात. एका अर्थी बरं. ती फाईल मला बघवणार नाही.

२३ नोव्हेंबर

खरा वाळवीराज आला! सगळी मापं बरोबर. चौसष्टावा. उभा केला. संच पूर्ण.

यामुळे काही घडेल असं मी मानत नाही. तरी फाटक वाजलं तेव्हा धावले. पाववाला होता.

तात्या दारात उभे होते. "हा काय करतो?"

"लाकूड खातो. दुसऱ्याच पानावर मरतो."

"कसा?"

"ते दाखवलेलं नाही."

बराच वेळ बघत राहिले. मग वाडीत गेले. शिंपणं सकाळीच झालं होतं.

२८ नोव्हेंबर

काकांनी पळसाची पानं आणून टाकली. तात्या बाजारात गेलेले. आई एकेक पान ओल्या फडक्याने पुसत होती. मोजायची, चुकायची, पुन्हा पहिल्यापासून.

"मोजून दे ना गं, क्षिप्रा. तुझं चुकत नाही."

मोजली. तीनशे चोपन्न. पुन्हा मोजली — तेवढीच.

"सहा कमी आहेत," म्हटलं. "काकांना आणायला सांग."

म्हणजे मी हो म्हटलं. आईने माझा हात धरला. पानांचा हिरवा वास. मी रडले नाही. तिने धरलेला हात सोडवलाही नाही.

२९ नोव्हेंबर

तात्यांना सांगितलं — मी तयार झालेय, आता तुम्ही अडवू नका.

त्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली. मग —

"एकदा दिलाय गं अग्नी. फेब्रुवारीत. म्हसळ्याकडे, खाडीत मिळाला. मी एकटाच होतो. दोनदा कसा जाळू?"

"सांगितलं का नाहीत?"

"घरी आलो तर तू त्याच्या कपाटात नवा कोणीतरी मांडत होतीस."

आईला अजून माहीत नाही. अंगणात आहे. गुरुजींना फोनवर विचारतेय, कुठला दिवस चांगला.